आधी श्वास, मग सील : एमजीबी जीटीच्या तेलगळतीच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. डिडकॉट

गाडी एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७० ची. इथून जवळच असलेल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली. इंजिन बीएमसीचं बी-सिरीज, १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगचं. दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर. गिअरबॉक्सला चारही गिअरना सिंक्रो, मागे लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन सावकाश फिरू देणारा जास्तीचा गिअर).

पत्रा चांगला आहे, इंजिनाचा आवाज चांगला आहे. तेलाचं प्रेशर गरम इंजिनावर चालताना दर चौरस इंचाला ६० पौंडांच्या आसपास असतं. पुस्तकात चालताना ५० ते ८० आणि आयडलला १० ते २५ दिलंय, म्हणजे बेअरिंगांची काळजी नाही. तक्रार एकच, तेल गळतं. काल संध्याकाळी ए-३४ ने न्यूबरीपर्यंत जाऊन आले आणि रात्रभर गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवला. पुठ्ठ्यावर चाकांच्या जागा पेन्सिलने आखून घेतल्या होत्या, त्यामुळे डाग नेमके कशाखाली पडलेत ते कळलं. सगळ्यात मोठा डाग बेलहाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे क्लच झाकणाऱ्या आवरणाखाली. दुसरा त्याच्या थोडा पुढे, इंजिनाच्या डाव्या अंगाला. तिसरा मागच्या डिफरन्शियलखाली, लहान पण जाड.

गाडीबरोबर आलेल्या फायलीत जुनी बिलं आहेत. आधीच्या मालकाने क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं) मागचं ऑईल सील दोन वेगवेगळ्या गॅरेजांत दोनदा बदलून घेतलंय. या गाडीत ते काम सोपं नाही. गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही, इंजिन बाहेर काढावंच लागतं. एवढा खर्च दोनदा होऊनही बेलहाउसिंगखालचा थेंब जागेवरच आहे. दोन्ही वेळा सील वाईट निघालं असेल किंवा वाईट बसवलं असेल, हे मला पटत नाही. तेल मुळात तिथून येतच नसावं, ही शक्यता जास्त वाटते.

म्हणून या नोंदी. तेल कुठून येतंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही सुटा भाग मागवायचा नाही, असं ठरवलंय.

इथे जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात एक वाक्य ऐकायला मिळतं : ब्रिटिश गाडीतून तेल गळत नसेल तर आतलं तेल संपलंय असं समजा. लोक प्रेमानेच बोलतात, पण मला ते मान्य नाही. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या. त्या नव्या असताना विकत घेणाऱ्यांनी घरासमोर तेलाची डबकी चालवून घेतली नसती. थोडं पाझरणं या रचनेत गृहीत आहे, हे खरं. पण डबकं साचतंय याचा अर्थ काहीतरी बिघडलंय, आणि जे बिघडलंय ते सापडतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर धुणं. मळलेल्या इंजिनावर गळती शोधण्यात अर्थ नसतो, सगळीकडे सारखंच काळं दिसतं. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि कार्ब्युरेटरांची तोंडं प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधली. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. डिग्रीझर, ब्रश, गरम पाणी, परत ब्रश. चेंबरच्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेला पत्रा आणि ब्लॉक मिळतात त्या खाचेत जुन्या तेलाचा चिखल दगडासारखा बसला होता, तो लाकडी पट्टीने खरवडून काढला. खाली ट्रे लावला होता. धुण्याचं मळकं पाणी नाल्यात सोडलं नाही, डब्यात भरून कौन्सिलच्या केंद्रावर नेऊन देणार.

सगळं कोरडं झाल्यावर इंजिनाच्या तेलात यूव्ही रंग घातला. हा रंग जांभळ्या-निळ्या टॉर्चखाली पिवळट हिरवा चमकतो. फक्त इंजिनातच घातला, गिअरबॉक्समध्ये मुद्दाम नाही. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये आणि ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० तेल असतं. बेलहाउसिंगखालचा थेंब बोटावर घेऊन चोळला, हुंगला तरी तो कुठल्या बाजूचा हे सांगता येत नाही. आता येईल. चमकला तर इंजिनाचा, नाही चमकला तर गिअरबॉक्सचा.

बेलहाउसिंगच्या तळाला एक भोक आहे आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लोंबकळत असते. गाडी हलली की ती हलते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. म्हणजे ज्यांनी ही गाडी आखली, त्यांनी तिथे थोडं तेल येणार हे धरलं होतं आणि ते क्लचवर जाण्याआधी बाहेर पडावं अशी सोय केली होती. कुणी थेंब थांबवायला हे भोक सिलिकोनने बुजवतात. तसं करू नये, तेल आत साचून क्लच प्लेटवर जातं.

२० ऑक्टोबर, रविवार

वॉन्टेज, तिथून वॉलिंगफर्ड, मग ए-३४ वर थोडा वेळ ताणून. परत आल्यावर गॅरेजचे दिवे बंद केले, टॉर्च लावला.

वाचायची रीत ठरलेली आहे. तेल खाली ओघळतं आणि पंख्याची हवा त्याला मागे ढकलते. म्हणून ओलं सगळ्यात जास्त कुठे आहे हे बघायचं नाही, सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओलं कुठे आहे ते बघायचं. उगम तिथे असतो.

हिरवी रेघ दिसली ती अशी : रॉकर कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून निघून हेडच्या कडेने खाली. त्याहून मोठी, ब्लॉकच्या डाव्या अंगाला असलेल्या दोन टॅपेट कव्हरांपैकी मागच्या कव्हराच्या खालच्या कडेने. व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट झाकणारी ही पत्र्याची कव्हरं मॅनिफोल्डच्या खाली दडलेली असतात, वरून बघणाऱ्याला दिसतही नाहीत. तिथून तेल ब्लॉकच्या अंगाने मागे जातं, बॅकप्लेटच्या (इंजिनाच्या मागच्या पत्र्याच्या) कडेवर चढतं आणि तिच्या कडेने खाली उतरून बरोबर बेलहाउसिंगच्या भोकाजवळ जमा होतं. खाली झोपून बघणाऱ्याला शपथेवर वाटेल की क्रँकचं मागचं सील गेलंय.

इंजिनाच्या पुढच्या टोकाला, टायमिंग कव्हरच्या सीलपाशी हलकीशी चमक. पुढच्या टॅपेट कव्हरापाशी कोरडं.

स्प्लिट पिनवरचा थेंबही हिरवा आहे, पण बाहेरून ओघळलेलं तेल तिथे मिसळतंय. आधी वरचं बंद झालं पाहिजे, मगच त्या थेंबाचा निवाडा होईल.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं एक तास मागे. अंधार लवकर पडला, पण आजचं काम उजेडातच आटोपलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हेच मुख्य काम.

कोल्हापूरला मामांना फोन केला. मामांनी बरीच वर्षं अँबेसेडरची टॅक्सी चालवली, कोल्हापूर-रत्नागिरी आंबा घाटातून. अँबेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीनची भारतातली आवृत्ती, आणि तिच्यात जे १४८९ सीसीचं इंजिन असायचं ते याच बी-सिरीजचं. माझ्या गाडीच्या इंजिनाचं सख्खं भावंड. टॅपेटची तीच दोन झाकणं, त्याच अडचणीच्या जागी.

त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पॅकिंगं कसली बदलतीस आधी? बॅक मारती का बघ. घाट चढून वर आलं की झाकण उघडून बघायचो आम्ही, धूर येतोय का ते. आतली हवा कोंडली की ती पॅकिंगातनं वाट काढणारच की. नवं घातलंस तरी महिन्याभरात तेच."

मी म्हटलं, "मामा, रिंगा तर चांगल्या वाटतात."

"रिंगा चांगल्या असल्या तरी थोडी हवा खाली जातीच. ती जायची वाट कुठं आहे, ती बघ."

हेच खरं आहे. पिस्टन कितीही चांगला बसवला तरी जळलेल्या वायूचा थोडा अंश रिंगांच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायची वाट ठेवलेली असते. ती बुजली की आत दाब वाढतो आणि तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकललं जातं. कुकरची शिट्टी अडकली की वाफ झाकणाच्या रबरातून फुसफुसते, तसंच. त्या वेळी नवं रबर आणून उपयोग नसतो.

या मॉडेलमध्ये वाट अशी आहे : पुढच्या टॅपेट कव्हरावर एक उभा डबा असतो, त्यात तारेची जाळी. जाळीत तेल अडतं आणि परत खाली ठिबकतं, हवा वर जाते. तिथून नळी निघून दोन फाटे होऊन दोन्ही कार्ब्युरेटरांना जाते. ती जोडलेली असते एसयूचा पिस्टन आणि थ्रॉटलची पाकळी यांच्या मधल्या पोकळीत. तिथे इंजिन मंद चालो की जोरात, ओढ हलकी आणि जवळजवळ सारखी राहते. त्यामुळे वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. त्याआधीच्या गाड्यांत मॅनिफोल्डवर रबरी पडद्याचा व्हॉल्व्ह होता, त्यातलं रबर फाटलं की कटकट सुरू. ही नंतरची रचना मला फार आवडते. हलणारा एकही भाग नाही, कार्ब्युरेटरमध्ये आधीपासून असलेली ओढच कामाला लावली आहे. ताजी हवा आत येते ती तेल भरायच्या झाकणातून. झाकणात बारीक फिल्टर आणि मोजकं छिद्र असतं, आणि ठरावीक मैलांनंतर ते झाकण बदलायचं असतं.

माझ्या गाडीत काय होतं? कार्ब्युरेटरच्या दोन्ही नळ्यांना रबरी टोप्या. डब्याच्या तोंडावर शोभेचा छोटा शंकूसारखा फिल्टर, बाहेरून चकचकीत. झाकण भलत्याच जातीचं, पूर्ण बंद. म्हणजे ओढ शून्य, आणि हवेला बाहेर पडायची वाट फक्त त्या डब्यातून.

झाकण काढून इंजिन आयडलला ठेवलं आणि तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. थोड्या वेळात बोटं एकेक करून उभी राहिली आणि मोजा टम्म फुगला. कॉम्प्रेशनही मोजून घेतलं : १५५, १५०, १५५, १५०. रिंगा ठणठणीत आहेत, वाटच बुजलेली आहे.

डबा उघडा करून बघितला. जाळी दिसतच नाही, काळ्या डिंकासारख्या थराने पूर्ण भरलेली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. जाळीचा डबा पेट्रोलमध्ये भिजत ठेवलाय, बाकी गाडीला हात नाही. घरी माणसं येणार आहेत, चकल्या अजून व्हायच्यात.

९ नोव्हेंबर, शनिवार

कार्ब्युरेटर आणि दोन्ही मॅनिफोल्ड काढले. आता टॅपेट कव्हरं समोर.

प्रत्येक कव्हर एकाच बोल्टवर बसतं, बोल्ट मधोमध. पत्रा दाबून बनवलेलं कव्हर. गळायला लागलं की माणूस बोल्ट आवळतो. आवळला की पत्रा मधे खचतो आणि कडा बाहेरच्या अंगाला उचलल्या जातात. म्हणजे जितकं आवळाल तितकं जास्त गळेल. मागच्या कव्हराचं नेमकं हेच झालंय. बोल्टच्या भोवती वाटीएवढा खळगा. कव्हर जाड काचेवर पालथं ठेवलं तर चारही कोपऱ्यांखालून पातळ फीलर गेज (फट मोजायची पट्टी) सहज सरकतो.

आतलं कॉर्कचं पॅकिंग कडक होऊन तडकलेलं. त्यावर कुणीतरी सढळ हाताने निळं सिलिकोन लावलंय. बाहेरच्या कडेला जेवढं दिसतं तेवढंच आतल्या कडेलाही पिळून निघालेलं असतं. बोटाने ओढलं तर लांब लांब तुकडे सुटून हातात आले. हे तुकडे चेंबरमध्ये पडले तर तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. गळतीने गाडी मळते, पण पंपाची जाळी बुजली तर बेअरिंगं जातात. या इंजिनाच्या आतल्या बाजूला सिलिकोन नको, याबाबतीत माझं मत पक्कं आहे.

कव्हर सरळ करायला अख्खी दुपार लागली. सपाट लोखंडी ठोकळ्यावर कड धरून हलक्या हातोडीने, थोडं ठोकायचं, काचेवर ठेवून बघायचं, परत ठोकायचं. मधला खळगा आतून लाकडी ठोकळा लावून उचलला. शेवटी काचेवर चौफेर बसलं, फीलर गेज कुठेच जाईना. ब्लॉकची बाजू सपाटच होती, फक्त जुन्या डिंकाचे पापुद्रे होते. ते काढताना टॅपेटच्या पोकळीत चिंध्या भरून ठेवल्या, कचरा आत जायला नको.

नवं पॅकिंग कॉर्क आणि रबराच्या मिश्रणाचं, जाड. कव्हराच्या बाजूला गोंदाने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवलंय. ब्लॉकच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात. मामांच्या गॅरेजात शेलॅक लावायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "शेलॅक चालतंय, पण पत्रा सरळ नसला तर कशानंच भागत नाही."

बोल्टखालचं वायसर आणि त्याचं रबर विसरायचं नाही. बोल्टचं भोक थेट आतल्या तेलात उघडतं, तिथूनही तेल बाहेर येतं.

१० नोव्हेंबर, रविवार

टॅपेट कव्हरं बसवली. आखूड पाना, मनगटाचाच जोर, खांद्याचा नाही. पॅकिंग किंचित फुगलेलं दिसलं की थांबायचं.

रॉकर कव्हरचीही तीच गत, तोच इलाज. त्याचे दोन नट, त्याखालच्या रबरी बुशा नव्या.

जाळी स्वच्छ झाली, आरपार उजेड दिसतो. डबा बसवला, नळ्या दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडल्या, योग्य झाकण लावलं. मिश्रण थोडं परत जुळवावं लागलं, कारण आता झाकणातून येणारी हवाही हिशेबात आली. मग परत हातमोज्याची परीक्षा : मोजा फुगला नाही, उलट आत ओढला गेला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दोन आठवडे रोजच्या वापरात ठेवली, थोडं मोटरवेवरही पळवून आणली. बाहेरचं जुनं तेल परत एकदा धुऊन काढलं होतं. आज टॉर्च.

रॉकर कव्हर कोरडं. दोन्ही टॅपेट कव्हरं कोरडी. टायमिंग कव्हरपाशी आधी जी चमक होती तीही जवळजवळ नाही, आणि त्या सीलला मी हात लावलेला नाही. फक्त दाब उतरला.

बेलहाउसिंगच्या पिनवर मात्र थेंब आहे. लहान झालाय, पण आहे. टॉर्च जवळ नेला. चमकत नाही. पांढऱ्या कागदावर टिपून शेजारी डिपस्टिकवरचा इंजिनाच्या तेलाचा थेंब ठेवला. एक हिरवागार, दुसरा नुसता तपकिरी.

हे गिअरबॉक्सचं तेल आहे! गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी बघितली, ती बरीच खाली गेलेली. भरायला बरंच लागलं.

म्हणजे क्रँकचं मागचं सील दोनदा बदललं गेलं, आणि गळत होतं ते वरचं टॅपेट कव्हर आणि समोरचं गिअरबॉक्सचं पुढचं सील. दोन्ही तेलं एकाच भोकातून बाहेर पडतात आणि दोन्ही एकाच जातीची. फसायला जागा आहे, हे मान्य. पण यूव्ही रंगाची बाटली इंजिन बाहेर काढण्यापेक्षा किती स्वस्त पडते!

१५ डिसेंबर, रविवार

पाऊस, गॅरेज गारठलेलं. सुटे भाग आले : गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरचं सील आणि पॅकिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, टायमिंग कव्हरचं सील, चेंबरचं पॅकिंग.

थोडं मागच्या सीलविषयी लिहून ठेवते, कारण सगळ्या ब्रिटिश गाड्यांना एकाच मापाने मोजतात आणि ते बरोबर नाही. १९६२ ची पहिली एमजीबी तीन मेन बेअरिंगची. तिच्या क्रँकच्या मागच्या टोकाला सील नव्हतंच. शाफ्टवर उलट्या दिशेचे आटे पाडलेले असत. शाफ्ट फिरला की ते आटे तेलाला परत आत रेटतात. इंजिन फिरत असताना हे झकास चालतं. थांबलं की आट्यांत राहिलेलं तेल हळूहळू उतरतं. या रचनेत स्पर्शच नाही, त्यामुळे झीजही नाही, पण आत दाब असेल तर ती हतबल होते. १९६४ मध्ये पाच बेअरिंगचं इंजिन आलं आणि त्याबरोबर बॅकप्लेटमध्ये बसणारं ओठाचं रबरी सील आलं. जॅग्वारच्या नंतरच्या एक्सके इंजिनांत तिसराच प्रकार, ग्रॅफाइट लावलेली दोरी खाचेत ठोकून बसवायची. मिनीची तर गोष्टच वेगळी, तिथे गिअरबॉक्स इंजिनाच्या चेंबरमध्ये आणि दोघांना तेल एकच.

तेव्हा कुणी विचारलं की "ब्रिटिश गाडीची गळती कशी थांबवायची", तर आधी विचारावं लागतं, कुठली गाडी, कुठल्या सालची. आट्यांच्या रचनेतून निजताना चार थेंब पडले तर तो दोष नाही. माझ्या गाडीतून पडले तर आहे.

तेल जाड घाला, सील फुगवणारं औषध घाला, असेही सल्ले मिळाले. औषधाने कडक झालेलं रबर थोडं मऊ पडतं आणि काही काळ बरं वाटतं. पण ते तेलाबरोबर सगळीकडे फिरतं आणि चांगल्या सीलांनाही लागतं. मला नको.

२८ डिसेंबर, शनिवार

नाताळच्या सुट्टीत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने बाहेर. बॉनेट काढलं, रेडिएटर आणि त्याच्यामागचा आडवा पत्रा काढला, प्रॉपशाफ्ट सोडला, गिअरबॉक्सखालचा आडवा बार उतरवला. भाड्याची क्रेन. गिअरबॉक्स लांब असल्याने सगळा जोड तीव्र तिरका करावा लागतो, पुढचं टोक वर, मागचं खाली. नवरा क्रेनवर, मी खाली, लेक शेपटाकडे टॉर्च धरून. स्कटलच्या, म्हणजे समोरच्या काचेखालच्या पत्र्याला एकही ओरखडा न पडता बाहेर आलं.

२९ डिसेंबर, रविवार

बेलहाउसिंग वेगळं केलं. जे बघायला एवढा खटाटोप केला ते समोर आहे.

क्रँकच्या टोकाकडची बाजू, फ्लायव्हीलची पाठ, बॅकप्लेटचा मधला भाग कोरडा. थोडी धूळ, बाकी काही नाही. दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टखालून एक ओली वाट थेट तळाच्या भोकापर्यंत गेलेली. पुढच्या कव्हरातलं सील काढून उजेडात धरलं. ओठ कडक, आणि एका जागी सरळ आडवी चीर. अशी चीर झिजून पडत नाही. शाफ्टच्या स्प्लाइनवरून (दातेरी टोकावरून) सील सरकवताना तिच्या धारेने ओठ कापला जातो. आधी कधीतरी कुणीतरी हे सील बदललेलं आहे आणि घाईने बसवलेलं आहे.

नवं बसवताना स्प्लाइनवर पातळ चिकटपट्टी घट्ट गुंडाळली, वर तेलाचा हात, आणि कव्हर न वळवता सरळ सरकवलं. सील पट्टीच्या पुढे गेल्यावर पट्टी ओढून काढली. बेअरिंगच्या मागच्या शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जशा होत्या तशाच, त्याच क्रमाने. पेपर पॅकिंग नवं.

क्लच प्लेटच्या एका बाजूला तेल लागलेलं होतं, बदलली. या गाडीत रिलीज बेअरिंग म्हणजे छर्‍यांचं बेअरिंग नसून कार्बनचा गोल ठोकळा असतो. तोही झिजला होता, नवा घातला.

क्रँकच्या मागच्या सीलचं काय करायचं यावर घरात चर्चा. नवऱ्याचं म्हणणं, इंजिन बाहेर आहेच, तीस पौंडांचं सील, बदलून टाक. मी बदललं नाही. ते कोरडं आहे, ओठ मऊ आहे, शाफ्टवर त्याने आपली चकचकीत वाट पाडली आहे आणि त्या वाटेवर ते काम करतंय. नवं सील त्याच वाटेवर तसंच बसेल याची खात्री कोण देणार? चालत्या सीलला हात नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

टायमिंग कव्हर. सील बदललं, आतली तेल झटकणारी चकती तपासली. तिच्यावर एफ अक्षर आहे, ती बाजू बाहेर, म्हणजे पुढे. कव्हराचे बोल्ट आधी नुसते हाताने, मग पुली शाफ्टवर सरकवून सीलमध्ये बसू द्यायची, कव्हर तिच्याभोवती आपोआप मध्यावर येतं, त्यानंतरच बोल्ट आवळायचे. आधी आवळले तर सील एका बाजूला दाबलं जातं आणि महिन्याभरात गळतं.

चेंबरची कडही टॅपेट कव्हरासारखीच, बोल्टांच्या भोकांपाशी वर ओढली गेलेली. ठोकून सपाट केली. दोन्ही टोकांना बेअरिंग कॅपच्या खाचेत कॉर्कच्या पट्ट्या येतात, त्या किंचित लांब ठेवायच्या, दाबून बसतात.

१८ जानेवारी, शनिवार

मागचा ॲक्सल. इथलं तेल वेगळं, ईपी ९०, गंधकाचा उग्र वास, त्यामुळे ओळख पटवायला टॉर्चची गरज नाही. प्रॉपशाफ्ट जिथे ॲक्सलमध्ये शिरतो तिथल्या पिनियनच्या सीलपाशी ओलं होतं. सील बदलायला लागणार असं धरूनच खाली गेले, पण आधी ॲक्सलच्या नळीवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं तोंड) बघितला. रंग आणि चिखलाने बंद. कुणीतरी गंज रोखणाऱ्या अंडरसीलचा फवारा सरसकट मारलाय, त्यात तोही गेला.

ॲक्सल चालताना तापतो, आतली हवा फुगते. बाहेर जायला जागा नसली की पिनियनच्या सीलमधून तेल ढकलते, नाहीतर हबच्या सीलमधून मागच्या ब्रेकच्या लायनिंगवर, आणि ते धोक्याचं. ब्रीदर मोकळा केला, पातळीपेक्षा जास्त भरलेलं तेल प्लगमधून निथळू दिलं. सील आहे तेच ठेवलंय. ते बदलायचं तर नटाखालचा दबणारा स्पेसर सांभाळावा लागतो, पिनियनच्या बेअरिंगचा ताण त्याच्यावर असतो. गरज नसताना ते उघडायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

इंजिन परत जागेवर. प्लग काढून स्टार्टरवर फिरवलं, प्रेशरचा काटा वर आला, मग प्लग लावले. पहिल्याच प्रयत्नात सुरू झालं. डॅशबोर्डमागे प्रेशर गेजला जाणाऱ्या नळीचा जोड बोटाने पुसून बघितला, कोरडा. ती नळी फुटली तर सगळं तेल दाबाने बाहेर फेकलं जातं, म्हणून रबरी तुकडा नवाच घातला आहे.

२२ मार्च, शनिवार

एमओटी, म्हणजे गाडीची इथली वार्षिक तपासणी, करून आणली. चाळीस वर्षांवरच्या गाडीला ब्रिटनमध्ये ती सहसा सक्तीची नाही, तरी दरवर्षी करते. दुसऱ्या माणसाने गाडी खालून बघणं मला हवं असतं. पर्यावरणाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल इतकं तेल गळत असेल तर २०१८ पासूनच्या नियमांत गाडी नापास ठरते. तपासनीसाने बेलहाउसिंगवर टॉर्च मारून विचारलं, सील कोणतं वापरलं? मी सांगितलं, मागचं बदललेलंच नाही. मग ब्रीदरच्या नळ्या दाखवल्या. त्याने बॉनेटखाली बराच वेळ घालवला.

२० एप्रिल, रविवार

ईस्टरच्या सुट्टीत डेव्हनपर्यंत जाऊन आलो, बराच भाग मोटरवेने, ओव्हरड्राइव्ह लावून. रात्रभर पुठ्ठा. इंजिनाखाली काही नाही. डिफरन्शियलखाली काही नाही. स्प्लिट पिन ओलसर, पण थेंब पुठ्ठ्यावर पडलेला नाही. डिपस्टिकवरची पातळी निघतानाच्या खुणेपासून जेमतेम हललेली.

एक नवा डाग मात्र आहे, गाडीच्या मध्यावर, नाण्याएवढा. टॉर्चखाली चमकत नाही. ओव्हरड्राइव्हच्या तळाला जाळीचं झाकण असतं, त्याची मागची कड ओली आहे. झाकण काढून काचेवर ठेवून बघायचं, पॅकिंग मागवायचं, जाळी धुऊन घ्यायची. गिअरबॉक्सचं तेल त्याच वेळी बदलेन, आणि या खेपेला यूव्ही रंग त्यातही घालेन.